खेळाची वही कोणाकडे?

आमच्या गटात गेल्या पावसाळ्यात एक वाद झाला. तो तीन बैठका चालला आणि तिसऱ्या बैठकीत चहा निवून गेला तरी संपला नाही. वादाचा विषय ऐकून काही मैत्रिणींना हसू येईल. आम्ही टेबलाभोवती बसून जो भूमिकांचा खेळ खेळतो, त्याची टिपणे, पात्रे, नकाशे आणि तारखा कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवायच्या, हा तो विषय. मारहाणीच्या, पोटगीच्या, रेशनकार्डाच्या केसेस समोर असताना हे काय घेऊन बसलात, असे आमच्यातल्याच एका ज्येष्ठ कार्यकर्तीने विचारले. तिचे विचारणे रास्त होते. पण तिसऱ्या बैठकीअखेर तीच म्हणाली की हा वाद आपण वीस वर्षांपूर्वी, आपली पहिली शिबिरे झाली तेव्हाच करायला हवा होता. ती असे का म्हणाली, ते सांगण्यासाठी हा लेख.

खेळ कोणता, ते आधी सांगते. पाच-सहा जणी बसतात. एक जण सूत्रधार होते. ती प्रसंग मांडते : उधाणाच्या भरतीने खाडीचा बांध फुटला आहे, शेतात खारे पाणी शिरले आहे, आणि नेमका आजच मोजणीदार गावात आला आहे, तुम्ही काय करता? बाकीच्या प्रत्येकीने एकेक पात्र घेतलेले असते. ती त्या पात्राच्या तोंडून बोलते, त्या पात्राचे निर्णय घेते. एखादी गोष्ट साधेल की फसेल हे सांगता येत नसेल तर फासे टाकायचे. यात कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. गोष्ट एका बैठकीत संपतही नाही; ती महिनोन्‌महिने चालते. इंग्रजीत अशा लांबलेल्या गोष्टीला जो शब्द वापरतात त्याचा अर्थ ‘मोहीम’ असा होतो. आपल्याकडे मोहीम म्हटले की सह्यांची किंवा दारूबंदीची आठवते, म्हणून आम्ही नुसते ‘आपली गोष्ट’ म्हणतो.

या खेळाचे कूळ आपल्या चळवळीतले नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. पहिल्या आवृत्तीच्या जेमतेम हजार प्रती होत्या. युद्धाचे खेळ खेळणाऱ्या पुरुषांच्या मंडळांतून तो जन्मला आणि त्या मंडळांच्या समजुती घेऊनच वाढला. १९७८ च्या नियमपुस्तकात स्त्रीपात्राच्या अंगातल्या बळाला पुरुषपात्रापेक्षा कमी कमाल मर्यादा घातलेली होती. ज्या खेळात माणूस ड्रॅगनशी लढतो, मंत्राने भिंत पाडतो, त्या खेळात बाई मात्र फार बळकट असू शकत नाही, ही कल्पना त्यांना झेपली नाही! १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा नियम गेला. त्या कंपनीच्या रचनाकारांतली पहिली स्त्री जीन वेल्स. तिने लिहिलेल्या एका साहसकथेच्या छापून तयार झालेल्या प्रती १९८१ साली कंपनीने मागे घेतल्या, आणि ती कथा पुढे एका पुरुष सहकाऱ्याने पुन्हा लिहून बाजारात आली. तेव्हा खेळाची वही कोणाच्या हाती, हा प्रश्न या खेळात मुळापासून आहे.

पण खेळाचा गाभा आपल्याला परका नाही. त्याच १९७४ साली लॅटिन अमेरिकेत ऑगुस्तो बोआल यांचे शोषितांच्या रंगभूमीवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. प्रेक्षकाने उठावे, रंगमंचावर यावे आणि गोष्टीचा शेवट बदलून पाहावा, हा त्यातला विचार. आपण स्त्रियांच्या शिबिरांत हेच करत आलो. ‘आता तू सासू हो, ती पोलीस होईल, बघू या तक्रार नोंदवून घेतात का’, असे म्हणून किती जणींनी आपल्या आयुष्यातला पहिला ठाम ‘नाही’ खोट्या पोलिसासमोर म्हणून पाहिला असेल! १९८३ साली ज्योती म्हापसेकरांचे ‘मुलगी झाली हो’ स्त्री मुक्ती संघटनेने लोकांपुढे आणले, तेव्हापासून महाराष्ट्रात नाटक हे आपले हत्यार आहे. शिबिरातले भूमिकानाट्य दहा मिनिटांत संपते. टेबलावरचा खेळ वर्षभर चालतो, एवढाच फरक. या फरकातूनच वहीचा प्रश्न उभा राहतो. दहा मिनिटांचे नाटक विसरले तरी चालते. वर्षभराची गोष्ट कोणीतरी लिहून ठेवावी लागते.

आमची गोष्ट कुठे घडते?

आम्ही नवी मुंबईच्या. कोणी ऐरोलीची, कोणी नेरुळची, एक जण पनवेलची. जानेवारी २०२४ मध्ये लोकल उरणपर्यंत गेल्यापासून तिकडचीही एक मैत्रीण येऊ लागली. आमच्यात निवृत्त शिक्षिका आहे, अंगणवाडी सेविका आहे, घरकाम करणारी आहे, रुग्णालयात पाळ्या करणारी नर्स आहे आणि संगणकाच्या कंपनीत काम करणाऱ्या दोघी आहेत. ड्रॅगन आणि राजवाडे यांत आमचे मन रमेना, म्हणून आम्ही खेळासाठी आपल्याच पायाखालची जमीन घेतली : खाडीकाठचे एक काल्पनिक आगरी-कोळी गाव, साल १९७० च्या पुढे.

त्या वर्षी सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनींचे संपादन सुरू झाले. भातशेती गेली, मिठागरे गेली. मोबदला कोणाला? ज्याचे नाव सातबाऱ्यावर त्याला. बांध घालायला, लावणीला, मीठ ओढायला बाई होती. उताऱ्यावर मात्र बाप, नवरा, भाऊ. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासईच्या परिसरात शेतकऱ्यांच्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला, पाच जणांचे बळी गेले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. तो भूखंडही पुन्हा उताऱ्यावरच्या नावामागेच गेला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीने हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली, केंद्राने २००५ साली. तोवर किती जमिनीचे किती पैसे होऊन ते कुठे गेले होते, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे.

हा सगळा इतिहास आम्ही खेळतो. एक जण मिठागरातली मजूर होते, एक मासळीवाली, एक शाळा सुटलेली मुलगी, एक मोजणीदाराची शहरी बायको. अशा खेळाचा पसारा किती वाढतो ते खेळल्याशिवाय कळत नाही. दहा बैठकांत सूत्रधाराने गावात चाळीसेक माणसे आणली. कोणाचे कोणाशी नाते, कोणी कोणाकडून पैसे घेतले, पंचायतीत काय ठरले, कोणत्या बांधावर कोणाची वहिवाट, मासळीवालीने कोणाला काय वचन दिले. हे सर्व एकाच मैत्रिणीच्या डायरीत आणि डोक्यात होते. तिला डेंग्यू झाला आणि दीड महिना गोष्ट थांबली. तिथून सॉफ्टवेअरचा विषय निघाला.

काय काय सुचवले गेले

संगणकात काम करणाऱ्या दोघींनी मनापासून अभ्यास करून यादी आणली होती. ती तुमच्याही उपयोगाची आहे, म्हणून थोडक्यात देते.

पहिला प्रकार, पडद्यावरचे टेबल. ‘रोल-ट्वेंटी’ हे २०१२ पासून चालू असलेले संकेतस्थळ. नकाशा, फासे, पात्रांची पाने, सगळे ब्राउझरमध्ये. मर्यादित वापर फुकट, पुढे वर्गणी. ‘फाउंड्री’ हे २०२० साली आलेले. ते एकदाच, सुमारे पन्नास डॉलरना विकत घ्यायचे. पैसे फक्त सूत्रधाराने भरायचे, बाकीच्या तिच्या संगणकाला जोडून घेतात. सर्व सामग्री आपल्याच यंत्रावर राहते. दोन्ही साधने उत्तम आहेत, यात वाद नाही. पण दोन्ही बेतली आहेत मोठ्या पडद्यासाठी, इंग्रजी वाचणारासाठी आणि लढाईसाठी. आमच्या गोष्टीत लढाई क्वचित होते. पंचायत, भांडण आणि वाटाघाटी रोज होतात. त्यासाठी चौकटींचा नकाशा कशाला? आणि आमच्या आठ जणींपैकी पाच जणींकडे संगणकच नाही.

दुसरा प्रकार, काल्पनिक जगाचे विश्वकोश. ‘वर्ल्ड अॅन्व्हिल’ हे त्यातले नावाजलेले. गाव, माणसे, घराणी, कालक्रम यांसाठी वेगवेगळी पाने असतात. पाहून हरखून जायला होते. मात्र अशा कोणत्याही संकेतस्थळावर नाव नोंदवण्याआधी एक गोष्ट तपासावी : बिनपैशाच्या खात्यात आपली पाने खासगी ठेवता येतात, की खासगीपणासाठी पैसे मोजावे लागतात?

तिसरा प्रकार, साधी टिपणवही. ‘गूगल डॉक्स’ मध्ये एकच कागद सर्वांनी मिळून लिहिता येतो, मोबाइलवर मराठी उमटते, कोणी काय बदलले ते मागे जाऊन पाहता येते. ‘ऑब्सिडियन’ हे थोडे वेगळे : त्यातली टिपणे साध्या मजकुराच्या फाइली म्हणून आपल्याच फोनवर किंवा संगणकावर राहतात; एका टिपणातले नाव दुसऱ्या टिपणाला जोडता येते. उद्या ते सॉफ्टवेअर काढून टाकले तरी फाइली जागच्या जागी राहतात आणि कोणत्याही यंत्रावर उघडतात.

चौथा प्रकार कोणी सुचवला नाही, कारण तो आधीच चालू होता : फोनवरचा गट. बैठक झाली की कोणीतरी गोष्टीचा सारांश गटावर टाकायची. सोपे, फुकट, सर्वांना येणारे. आणि याच सोप्या साधनाने आमच्याकडून चूक घडवली.

जे घडले ते

आमच्यातल्या एकीचे पात्र होते गावातली धाकटी सून. मोबदल्याचा पहिला हप्ता घरात येतो, तो दारूत आणि मोटारसायकलीत जाणार हे तिला दिसते. बैठकीत ती सून म्हणाली, मी माझ्यापुरते थोडे पैसे पोस्टात टाकले आहेत, पुस्तक बहिणीकडे ठेवले आहे, घरी कोणाला माहीत नाही. टेबलावर सगळ्या गप्प झाल्या. ती इतक्या सहज आणि इतके तपशीलवार बोलली होती की हे कुठून आले ते सर्वांना कळले. कोणी काही विचारले नाही. खेळात असे होते; होते म्हणूनच आपण तो खेळतो. जे स्वतःच्या नावाने बोलता येत नाही ते पात्राच्या नावाने बोलता येते.

त्या रात्री सारांश लिहिणारीने घाईत पात्राच्या नावाऐवजी मैत्रिणीचे खरे नाव लिहिले : अमुकने पोस्टात पैसे टाकले, पुस्तक बहिणीकडे आहे. आपल्यापैकी किती जणींचा फोन फक्त आपला असतो? तिच्या घरी तो मुलगा अभ्यासाला घेतो आणि नवरा ‘सहज’ बघतो. नवऱ्याने वाचले. पुढे काय झाले ते मी इथे लिहिणार नाही, कारण ते लिहायचे की नाही हे ठरवणे तिच्याकडे आहे. एवढे सांगते की ती तीन महिने आली नाही. आली तेव्हा म्हणाली, तुम्ही वाईट हेतूने केले नाही हे मला माहीत आहे, पण माझे बोलणे तुम्ही कुठे ठेवता हे मला एकदा विचारायचे होते.

या प्रसंगात दोष यंत्राचा नव्हता. संदेश वाटेत कोणी फोडला नाही. तो घरातच, उशाशी ठेवलेल्या फोनवर वाचला गेला. संगणकवाले ‘सुरक्षितता’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे दूरदेशीचा चोर असतो. तोही खोटा नाही : आपल्या प्रशासकीय खात्यात कोणी अनोळखी शिरल्याचे रोल-ट्वेंटीने २०२४ साली स्वतःच जाहीर केले. पण बाईच्या बाबतीत पाळत ठेवणारा बहुतेक वेळा घरातलाच असतो. त्याला पासवर्ड फोडावा लागत नाही. तो मागितला की मिळतो, नाही दिला तर ‘काय लपवतेस’ म्हणून विचारले जाते. एवढे एक सत्य धरले तरी सॉफ्टवेअर निवडण्याची सगळी रीत बदलते.

जुना धडा

ज्येष्ठ कार्यकर्तीने तिसऱ्या बैठकीत एक खोके आणले. त्यात जुन्या फ्लॉपी आणि सीडी होत्या : शिबिरांचे अहवाल, भूमिकानाट्यांच्या संहिता, गावोगावच्या बायकांनी सांगितलेल्या हकिकती. तेव्हा मराठी टाइप करायचे म्हणजे ज्याचा त्याचा वेगळा फाँट, ज्याची त्याची वेगळी कळपाटी. त्या फाइली आज उघडल्या तर मराठी अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि खुणांची खिचडी दिसते. फाइल आहे, मजकूर नाही. देवनागरीसाठी सर्वांना समान असा युनिकोड १९९१ पासून अस्तित्वात होता, पण आपल्या छापखान्यांत आणि कार्यालयांत तो रुजायला आणखी बरीच वर्षे गेली. त्या मधल्या काळात आपण जे लिहिले त्याची किल्ली आपल्याकडे नव्हती. गटाने त्यातले जे कागदावर छापून ठेवले होते, तेवढेच उरले.

तीच चूक आज नव्या पोशाखात येते. २०१९ साली गूगल प्लस बंद झाले, तेव्हा तिथे वर्षानुवर्षे चाललेल्या याच खेळांच्या गटांना आपल्या चर्चा गोळा करून दुसरीकडे धाव घ्यावी लागली. जानेवारी २०२३ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या मालक कंपनीने खेळाच्या खुल्या परवान्याच्या अटी आवळण्याचा घाट घातला. खेळणाऱ्यांनी वर्गण्या रद्द केल्या, जगभर गहजब केला, आणि त्याच महिन्यात कंपनीने माघार घेऊन मूळ नियमांचा मसुदा सर्वांना वापरता येईल अशा परवान्याखाली खुला केला. संघटित झाल्यावर काय होते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. पण भाड्याच्या घरात राहणाऱ्याने घरमालकाच्या मर्जीवर विसंबून राहू नये, हेही आपल्याला ठाऊक आहे.

लिहायचे कोणी?

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे यादी करताना कोणाचे लक्ष गेले नाही. खेळाचे सारांश लिहिणे, तारखा जुळवणे, कोण येणार ते विचारणे, गैरहजर असलेलीला मागचे सांगणे, हे काम आहे. सर्व कार्यालयांत आणि सर्व संघटनांत हे काम कोणाच्या गळ्यात पडते ते आपण जाणतो. इतिवृत्त लिहायला बाई, भाषण करायला बुवा! आमच्या गटात बुवा नाहीत, तरी वाटणी झालीच. जिला संगणक येतो ती सूत्रधार आणि तीच लेखनिक. जिला येत नाही ती नुसती ऐकणारी. सॉफ्टवेअर जितके अवघड, तितकी ही वाटणी पक्की. सहा महिन्यांनी पाहावे तर गोष्ट सगळ्यांची, पण ती कशी घडली याचे लिखित रूप एकीचे. मासळीवाली पंचायतीत काय बोलली, ते पाटबंधाऱ्याच्या अहवालासारख्या भाषेत उतरते आणि तिची बोली जाते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे : खेळासाठी सॉफ्टवेअर निवडताना ते काय काय करू शकते, हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी हे विचारावे की गटातल्या सर्वांत साधा फोन असलेल्या, सर्वांत कमी वेळ असलेल्या बाईला त्यात आपल्या भाषेत लिहिता येईल का. तिला आपले लिहिलेले पुसता येईल का. घरच्या कोणी तिचा फोन उघडला तर काय दिसेल. आणि ज्या दिवशी आपण हे साधन सोडू त्या दिवशी आपली गोष्ट आपल्याबरोबर बाहेर येईल का. या चार प्रश्नांत जे नापास होईल ते कितीही देखणे असो, ते आपल्या कामाचे नाही.

यावर तरुण मैत्रिणींचा एक आक्षेप आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. त्या म्हणतात, तुम्ही टेबल आणि कागद यांना इतके कवटाळाल तर ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांचे काय? आमची एक जण लग्नानंतर नाशिकला गेली. एक बाळंत झाली. नर्सची रात्रपाळी असते. पडद्यावरच्या टेबलामुळे या तिघी खेळात राहतात. संध्याकाळी सातनंतर बाईने लोकल पकडून नेरुळला यावे, ही अपेक्षाही एक प्रकारची अटच आहे. हे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. यंत्र नाकारून स्त्रियांचा फायदा कधी झाला नाही. सायकल, टाइपरायटर, टेलिफोन यांनी आपल्याला घराबाहेर काढले. माझा आग्रह इतकाच की भेटण्याची जागा आणि आठवण ठेवण्याची जागा या दोन वेगळ्या ठेवाव्यात. भेटायला जे सोयीचे असेल ते वापरा, ते बदलत राहील. आठवण मात्र आपल्या कपाटात असू द्या.

दुसरा आक्षेप : असे दोन-दोन ठिकाणी लिहायचे म्हणजे दुप्पट काम. खरे आहे. पण तेच काम आठ जणींत वाटले तर प्रत्येकीच्या वाट्याला दोन महिन्यांतून एकदा तासभर येते. आणि जी लिहिते तिला गोष्ट पहिल्यांदा नीट कळते, हा आमचा अनुभव आहे.

आम्ही काय ठरवले

टेबलावर एक जाड वही असते. लिहिण्याची पाळी फिरती. घरकाम करणारी मैत्रीण लिहिते तेव्हा तिच्या भाषेत लिहिते, कोणी दुरुस्त करत नाही. वहीत फक्त पात्रांची नावे. बैठक संपताना त्या दिवसाचे पान मोठ्याने वाचायचे. कोणीही ‘हे काढा’ म्हणाली तर कारण न विचारता ओळ खोडायची. या खेळाच्या जगात खेळताना वापरायचे असेच एक साधन आहे, जॉन स्टाव्रोपुलोस यांनी मांडलेले ‘क्ष-कार्ड’ : टेबलावर ठेवलेल्या त्या कार्डाला हात लावला की प्रसंग तिथेच बदलायचा, स्पष्टीकरण मागायचे नाही. आम्ही ते खेळाला लावलेच, लिखाणालाही लावले.

वहीवरून महिन्यातून एकदा युनिकोडमध्ये साध्या मजकुराच्या फाइली टाइप होतात, एका माणसाची एक, एका जागेची एक. त्या गटाच्या संगणकावर असतात, पाहायला सोपे जावे म्हणून ऑब्सिडियनमधून उघडतो. एक प्रत पेनड्राइव्हवर, दुसऱ्या मैत्रिणीच्या घरी. वर्षाअखेर सगळे छापून बांधून ठेवायचे. फोनच्या गटावर फक्त तारीख, जागा आणि खायला कोण काय आणणार. दूरच्या मैत्रिणी व्हिडिओवर येतात, ध्वनिमुद्रण करायचे नाही. सूत्रधाराची गुपिते तिच्या वेगळ्या वहीत. पण सूत्रधार बदलली की ती वही पुढचीच्या हाती द्यायची. सहा महिन्यांनी सूत्रधार बदलतेच.

ही व्यवस्था आदर्श आहे असा दावा नाही. पेनड्राइव्ह हरवू शकतो, वही भिजू शकते. तुमच्या गटात सगळ्याच संगणकावर काम करणाऱ्या असतील तर तुम्ही फाउंड्री घ्याल आणि ते योग्यही असेल. केवळ करमणुकीसाठी ड्रॅगन मारत असाल तर एवढी काळजी नकोच. पण ज्या क्षणी एखादी बाई पात्राच्या आडून आपले बोलते, त्या क्षणी ती आपल्यावर विश्वास टाकते. समुपदेशन केंद्रातल्या नोंदींना आपण जे कुलूप लावतो, तेच या वहीला लावले पाहिजे. भूमिकानाट्याचे फोटो, शिबिरांच्या चित्रफिती, बायकांच्या हकिकती आज किती जणींच्या फोनांत, किती गटांवर पडून आहेत, याचाही हिशेब या निमित्ताने आपण सगळ्यांनी मांडावा. ज्येष्ठ कार्यकर्ती ‘वीस वर्षांपूर्वी’ म्हणाली ती याच अर्थाने.

ती तीन महिने न आलेली मैत्रीण आता पुन्हा खेळते. धाकटी सून तिने सोडली नाही. गेल्या बैठकीत त्या सुनेने तलाठ्यासमोर उभे राहून उताऱ्यावर आपले नाव लावण्याचा अर्ज दिला. फासे उलटे पडले, अर्ज फेटाळला गेला. ती म्हणाली, लिहा, पुन्हा देणार आहे. त्या दिवशी वही लिहायची पाळी तिचीच होती.